दोनशे चाळीस खिशांबद्दल मावशीस खुलासा

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (तू पाय आखडून घेणार हे धरूनच चाललो आहे) नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे. बायको बरी आहे, मुलगी बरी आहे, आणि मी माझ्या लायकीप्रमाणे आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? काकांच्या कानातल्या यंत्राची शिट्टी थांबली का? मशीनची तब्येत विचारायचा मला हक्क उरलेला नाही हे जाणतो, तरी विचारतो. पाच दिवसांत मी तुला चौदा फोन केले. पहिला काकांनी उचलला आणि म्हणाले, ती घरात नाही. कुठे गेली, असं विचारलं तर म्हणाले, थांब, तिलाच विचारून सांगतो. दुसऱ्या फोनला तू घरात नसल्याचं तू स्वतःच मागून ओरडून सांगितलंस, आणि ते मला काकांपेक्षा स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतरचे बारा फोन नुसतेच वाजले. म्हणून हा कागद. फोन मध्येच आपटता येतो, कागद मात्र पूर्ण वाचल्यावरच फाडावा अशी रीत आहे. (नसली तर आजपासून आहे.)

आधी तुझं नुकसान माझ्याच तोंडाने सांगतो, म्हणजे भाच्याला काही कळतच नाही असं तुला म्हणता येणार नाही. फायर ब्रिगेडच्या नव्या शर्टांचे दोनशे चाळीस खिसे तुझ्याकडे भरतकामाला आले होते. प्रत्येक खिशावर एक शिडी, एक गुंडाळलेला पाइप आणि त्यावर ज्वाळा. दर वर्षीचं काम, तीच नक्षी, तेच मशीन. नेमकी तू गुडघ्यापायी पलंगावर होतीस, म्हणून मशीनवर काका बसले. तुझ्या सांगण्याप्रमाणे नक्षी घातली, बटण दाबलं, दिवसाला तीस याप्रमाणे आठ दिवस राबले, इमानेइतबारे गठ्ठे बांधले आणि पोचते करून आले. सगळ्याच्या सगळ्या ज्वाळा खाली तोंड करून. आता शिडी उलटी केली तरी शिडीच दिसते, पाइपाचं वेटोळं उलटं केलं तरी वेटोळंच, त्यामुळे काकांना काही खटकलं नाही यात त्यांचा दोष नाही. फायर ब्रिगेडच्या साहेबांनी एक खिसा छातीला लावून आरशात पाहिला आणि काकांना म्हणाले की, आग वर जाते एवढं तरी आमच्या माणसांना ठाऊक असतं असा लोकांचा समज आहे, तो राहू द्या. मग त्यांनी दोनशे चाळीस नवे तुकडे मोजून दिले (एक जास्त नाही), आठ दिवसांची मुदत दिली, आणि सांगितलं की नाही जमलं तर हे काम आणि यापुढचं दर वर्षीचं काम पुलापलीकडच्या दुकानाला. हे सगळं मला काकांनी पहिल्याच फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. (काकांचा दबका आवाज म्हणजे एव्हाना अख्ख्या इमारतीने हळहळ व्यक्त केली असेल.) आज त्या आठातला पाचवा दिवस.

आणि हे माझ्यामुळे झालं. तुझा हात नाही, काकांचा नाही, मशीनचा तर नाहीच. एका आडव्या रेघेमुळे झालं, आणि ती रेघ मी पुसली. कशी पुसली ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल, तेव्हा बसून वाच.

अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्या मागच्या खोलीत पडून होतो. एक नोकरी गेली होती, दुसरी येत नव्हती, आणि घरचे मला बघून सुस्कारे सोडत. तू सुस्कारा सोडला नाहीस. तू म्हणालीस, पडायचंच आहे ना, मग इथे पड, निदान दार उघडायला माणूस होईल. त्याच सुमारास तू एका बंद पडलेल्या कारखान्यातून ते भरतकामाचं मशीन उचलून आणलंस. मशीन ठणठणीत, पण बनवणारी कंपनी बुडालेली, आणि ज्या काँप्युटरचं ते ऐकायचं तो कारखान्याबरोबरच वारलेला. नव्या काँप्युटरने किती विनवण्या केल्या तरी मशीन हूं की चूं करेना. सगळे म्हणाले, भंगारात घाल. मी म्हणालो, थांब, मी याचा ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे काय हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि तू तेव्हाही ऐकलं नव्हतंस. काँप्युटरची भाषा मशीनला कळत नाही, मशीनची काँप्युटरला कळत नाही, तर मध्ये बसून याचं त्याला आणि त्याचं याला समजावून सांगणारा जो मध्यस्थ, तो ड्रायव्हर. (मध्यस्थ म्हटल्यावर शिव्या दोन्हीकडून, हे तुला सांगायला नको.)

चार महिने मी त्या मशीनपुढे बसलो. एके दुपारी सुई हलली, चौकट सरकली, आणि पहिलं फूल निघालं. तू टाळी वाजवलीस आणि लगेच म्हणालीस, देठ वर का? बघतो तर फूल शीर्षासन करत होतं. कारण काय, तर चौकटीला वर सरक म्हणायच्या जागी मी एक वजाची खूण जास्तीची घातली होती, त्यामुळे वर म्हटलं की ती खाली जायची. तेव्हाच ती खूण खोडली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण चार महिन्यांनी सुई हलली होती गं! मला त्या ओळींकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती. म्हणून मी म्हटलं, मावशी, सोपं आहे, तू नक्षीच उलटी घाल, म्हणजे सुलटी निघेल. तू म्हणालीस, "एवढी बुकं शिकलास, आणि शेवटी डोक्यावर उभं मीच राहायचं?" पण राहिलीस. मशीनवर कागद चिकटवलास, 'उलट घालणे', आणि अकरा वर्षं उलट घातलंस. त्यावर घर चाललं, काकांचं कानातलं यंत्र आलं, आणि मला नोकरी लागेपर्यंत दोन वेळचं जेवण मिळालं.

इथपर्यंत सगळं आपल्या घरातलं होतं. पण मी पडलो हौशी. आमच्या धंद्यात एक जगावेगळी चाल आहे. आपण केलेलं काम उघड्यावर मांडून ठेवायचं, कोणीही न्यावं, कोणीही वापरावं, कोणीही नावं ठेवावीत, आणि बदल्यात आपल्याला काय मिळतं, तर ती नावंच. काँप्युटरच्या पोटात जो मूळ गाभा असतो, ज्याला आम्ही कर्नेल म्हणतो, तो असाच हजारो लोकांनी मिळून लिहिलेला आहे. माझा ड्रायव्हर त्या कर्नेलच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला. लग्नघरात नवरदेवाच्या आत्येभावाच्या मित्राला मिळते तेवढी जागा, पण मिळाली. सोबत वापरायची माहिती द्यावी लागते, ती मी तुझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली. पहिलंच वाक्य: नक्षी उलट घालावी, कारण विचारू नये. माझी समजूत अशी की जगात हे वाचणारे सहाजण असतील. (तुला धरून. काकांना धरून सात, पण काका वाचत नाहीत.) ते चारशेच्या वर निघाले. कुठल्या कुठल्या गल्ल्यांत, माळ्यांवर, जिन्यांखालच्या खोल्यांत चारशे माणसं तुझ्या वहीवर विश्वास ठेवून नक्षी उलट घालत होती आणि कारण विचारत नव्हती.

मग मी कशाला मध्ये कडमडलो? तर अहंकार, मावशी, दुसरं काय! गेल्या हिवाळ्यात आमच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा मेळावा झाला. तिथे एका वक्त्याने जुन्या कामांतले मजेशीर नमुने भिंतीवर मोठ्या अक्षरांत दाखवले, आणि त्यात माझ्या ओळी आल्या. वजाची खूण, आणि तिच्याशेजारी मी तेव्हा लिहून ठेवलेली टीप: "इथे वर म्हणजे खाली. का ते ठाऊक नाही. मावशी म्हणते चालेल." तीनशे लोक हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. चहाच्या वेळेला एकाने माझ्या पाठीवर थाप मारून मावशी कशा आहेत असं विचारलं. घरी आलो. बायकोला म्हटलं, हे आता नीट करायलाच हवं. ती म्हणाली, चालतंय ना? मग हात लावू नकोस. (तिचा या विषयाशी काडीचा संबंध नाही, आणि तिने सहा शब्दांत जे सांगितलं ते कळायला मला चारशे शिव्या खाव्या लागल्या.) पण मी ऐकतो होय? बसलो आणि रेघ पुसली. तरी अगदीच आडदांडपणा केला नाही हं. आमच्या टपालगटात (एकाने मेल टाकली की ती सगळ्यांना जाते, तो) रीतसर जाहीर केलं की असा असा बदल करतो आहे, कोणाची हरकत? दोन आठवडे थांबलो. कोणी ब्र काढला नाही. मला वाटलं, मौन म्हणजे संमती. आता डोकं ठिकाणावर आहे म्हणून कळतंय की जे भरतकाम करतात ते तो टपालगट वाचत नाहीत, आणि जे तो टपालगट वाचतात त्यांना शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नाही.

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि दहा दिवस काही म्हणजे काही झालं नाही. ते दहा दिवस मी फार सुखात काढले, बायकोला दोनदा "पाहिलंस?" असंही म्हणून घेतलं. अकराव्या दिवशी एका टोप्या शिवणाऱ्याची मेल आली. जहाजावरच्या माणसांच्या टोप्या, त्यावर नांगर, आणि सगळे नांगर आकडे वर करून. बिचाऱ्याला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून त्याने दोन दिवस मशीन खोलून धुऊनपुसून ठेवलं होतं आणि मग भीत भीत मला विचारलं होतं की माझ्या हातून काय झालं असेल. मग एक पडदेवाली. तिने रुग्णालयातल्या मुलांच्या खोलीचे पडदे लावून झाल्यावर मान वर करून पाहिलं, तर सगळी बदकं पाय वर. मुलांनी विचारलं, मेली का? नर्स म्हणाली, नाही रे, झोपलीत. मग एक फुटबॉल क्लब, ज्यांच्या छातीवरचा सिंह उताणा लोळत होता. ते सात गोलांनी हरले, आणि त्यांच्या सचिवाने पराभवाच्या कारणांत माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर घातलं आहे. (पहिल्या क्रमांकावर गोलकीपर.) त्यानंतर मी मेल मोजायचं सोडून दिलं. आणि या सगळ्यात जरा आपल्या माणसाशी बोलावं, तुझ्या गुडघ्याची चौकशी करावी, म्हणून तुला फोन लावला, तर तो काकांनी उचलला.

आमच्या या कारभारात प्रत्येक कोपऱ्यावर एक राखणदार असतो. माझ्या कोपऱ्यावर एक बाई आहेत. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण सगळे त्यांना थोरल्या म्हणतात आणि त्यांना लिहिताना आपोआप ताठ बसतात. त्यांच्या सहीशिवाय एक ओळ आत जात नाही. (माझा हा बदलही त्यांच्याच सहीने आत गेला होता. हे मी त्यांना नम्रपणे लक्षात आणून दिलं, आणि ती माझी त्या आठवड्यातली दुसरी घोडचूक.) त्यांनी सगळ्यांदेखत उत्तर दिलं. मला गाढव म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, गाढवाला रोजचा रस्ता बदलावासा वाटत नाही, म्हणून तर लोक त्याच्यावर ओझं ठेवतात. पुढे लिहिलं होतं की, आपला नियम एकच, काल ज्याचं चालत होतं त्याचं आजही चाललं पाहिजे. तुझी चूक पहिल्या दिवशी चूक होती. ज्या दिवशी कोणी तिच्यावर आपलं दुकान मांडलं त्या दिवसापासून तो तुझा शब्द झाला, आणि दिलेला शब्द आपल्याला लाज वाटते म्हणून फिरवायचा नसतो. याला आमच्याकडे बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी असं भारदस्त नाव आहे. घरी त्याला संसार म्हणतात.

तुला पटावं म्हणून काकांच्या खुर्चीचं उदाहरण देतो. तिचा एक पाय आखूड होता, आणि वीस वर्षं काका डावीकडे कलून बसत. मग त्यांना चकित करायचं म्हणून तू सुताराकडून पाय सारखा करून घेतलास. काका आले, पेपर उघडला, सवयीने डावीकडे कलले आणि पेपरासकट जमिनीवर. सुतार म्हणाला, खुर्ची सरळच आहे, माणूस वाकडा आहे. मी त्या चारशे लोकांना नेमकं हेच सांगत होतो, फक्त जरा सभ्य शब्दांत. तू दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून पाय पुन्हा होता तेवढा आखूड करायला लावलास, तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो. हसायला नको होतं.

मग आता पुसलेली रेघ परत काढायची, एवढंच ना? मलाही तसंच वाटलं. पण मधल्या तीन आठवड्यांत तिघेजण नव्याने ही मशिनं घेऊन आले होते. त्यांनी उलट कधी पाहिलंच नव्हतं. त्यांची नक्षी सुलट जात होती, सुलट निघत होती, आणि जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला लिहिलं होतं की तुमचा ड्रायव्हर फार छान आहे. रेघ परत आली की हे तिघे आडवे. त्यातल्या एका म्हाताऱ्या गादीवाल्याने तर काकुळतीला येऊन लिहिलं की, दादा, आता काही बदलू नका, मी नुकताच शिकलोय. म्हणजे बघ, माझी दुरुस्ती अवघी तीन आठवड्यांची, आणि तिच्यावरही दुकान मांडून झालं होतं! थोरल्यांना विचारलं, आता? त्या म्हणाल्या, मध्ये एक कळ ठेव. ज्याला सुलट हवं त्याने तसं सांगावं, आणि जो काहीच सांगणार नाही त्याचं अकरा वर्षं होतं तसंच उलट. त्या कळीला नाव काय द्यायचं यावर दोन दिवस वाद झाला. सतराजण बोलले, त्यातल्या माझ्याखेरीज एकाच्याही घरी मशीन नाही. मी 'नीट' असं नाव सुचवलं, तर एकाने विचारलं, मग बाकीच्या चारशे जणांना काय वाकडं म्हणणार? शेवटी उलट आणि सुलट हेच ठरलं, म्हणजे तुझा मशीनवरचा कागद सतराजणांनी मिळून पुन्हा लिहिला.

तर आनंदाची बातमी अशी की काम झालं. काल पाठवलं, थोरल्यांनी ठेवून घेतलं, आणि आज संध्याकाळी सहाला त्या ते जगात सोडतील. तुझ्या काँप्युटरला मी फार पूर्वीच शिकवून ठेवलंय की नवीन काही आलं की विचारत बसू नकोस, घेऊन टाक. (याच शिकवणीने तुला बुडवलं, आता तीच तारेल.) सहा वाजून पाच-दहा मिनिटं होतात न होतात तोच तुझं मशीन पूर्वीसारखं. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. नेहमीप्रमाणे नक्षी उलट घालायची, ज्वाळा वर. मुदतीचंही बघितलंय मी. उरले तीन दिवस, तीस त्रिक नव्वद. राहिलेल्या दीडशेंसाठी मी स्वतः फायर ब्रिगेडच्या साहेबांना भेटतो आणि आणखी पाच दिवस मागून घेतो. (आग लागल्याशिवाय घाई करण्याची त्यांना सवय नसावी.) पाच दिवस तू हात बांधून, मशीनकडे पाठ करून, चुलीवरच्या दुधासारखी आतल्या आत उकळत बसली असशील या विचाराने मला अन्न गोड लागत नव्हतं. आता जीव भांड्यात पडला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. मावशी, चुकलो. कोणाची हरकत आहे का असं मी विचारलं, पण जिथे विचारलं तिथे तू कधी येणार नव्हतीस. त्या चारशे लोकांचे पत्ते मला ठाऊक नव्हते, तुझा होता. तुझ्या घरी यायला वीस मिनिटं लागतात. मी आलो नाही, कारण आलो असतो तर तू म्हणाली असतीस, नको करूस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तीनशे अनोळखी माणसं मला हसली म्हणून मी तुझ्या पोटापाण्याच्या वस्तूला तुला न सांगता हात लावला. पाच दिवस तू बोलत नाहीस तर मला चैन पडत नाही गं. मला शिव्या दे. तुझ्या शिव्यांची मला लहानपणापासून सवय आहे, तुझ्या गप्प बसण्याची नाही.

काकांना नमस्कार, आणि खिशांचं मनाला लावून घेऊ नका म्हणावं.

तुझा भाचा
(नाव कमावलेला, कसं ते वर आलंच आहे)

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. थोरल्यांची अट होती की हे खऱ्याखुऱ्या मशीनवर चालवून पाहायचं, आणि पाहणाऱ्याचं नाव खाली लिहायचं. पुढेमागे तपासायला म्हणून मी घेऊन ठेवलेल्या दुसऱ्या मशीनवर बायकोने कुंड्या ठेवल्यात, आणि त्यातल्या एकीची मुळं सुईच्या दांड्यापर्यंत पोचली आहेत. म्हणून मी लिहिलं: चालवून पाहिलं, माझ्या मावशीने. म्हणजे तू पाहिलेलं नाहीस, पण पाहिलं असतंस तर चाललंच असतं, अशा अर्थाने. आमच्यात याच्याइतकं मोठं पाप नाही, यापायी भल्याभल्यांना हाकलून दिलंय. आज सकाळी थोरल्यांनी अगदी सहज विचारलंय की मावशी म्हणजे कोण, आणि त्यांनी किती वेळ चालवून पाहिलं. तेव्हा खरी विनंती अशी की, सहाच्या आत मला अर्धा तास मशीनवर बसू दे. नवीन आवृत्ती बरोबर घेऊनच आलो आहे. म्हणजे खोट्याचं खरं होईल.

ता. क. २. 'आलो आहे' लिहून गेलो, आता लपवण्यात अर्थ नाही. मी तुझ्या दाराबाहेर आहे, जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर. दुपारी दोनला आलो, बेलकडे हात नेला आणि धीर झाला नाही, म्हणून बसून चार ओळी लिहायला घेतल्या. इतक्या होतील असं वाटलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन बघून गेल्या. मी मीटर वाचायला आलोय असं सांगितलंय, दुसऱ्या खेपेला त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, फार मोठं मीटर दिसतंय. आता कागद दाराखालून सरकवतो.

ता. क. ३. थांब, थांब. सरकवणार तेवढ्यात दार उघडून काका केर टाकायला बाहेर आले. मला बघून काही विचारलं नाही, नुसते दबक्या आवाजात ओरडले, "ती घरात नाही!" त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर शिडी, पाइप, आणि ज्वाळा. वर. मी हात लावून पाहिलं. विचारलं, काका, हा कधीचा? म्हणाले, पहिल्याच दिवशीचा, आपलंच एक चिंधूक घेऊन तिने नमुना काढला. उलट घालून उलट निघतंय ना, मग सुलट घालून बघू म्हणाली. निघालं. जुना कागद फाडला, नवा चिकटवला, 'सुलट घालणे', आणि पाच दिवस मशीन थांबलेलं नाही. मी पावणेचार तास जो आवाज तुझ्या फ्रिजचा समजत होतो तो मशीनचा आहे! मावशी, ऐक. सहाला पंधरा मिनिटं आहेत. सहा वाजले की तुझा काँप्युटर न विचारता माझी नवीन आवृत्ती घेणार, तू सुलट घातलेली प्रत्येक ज्वाळा खाली तोंड करणार, आणि जास्तीचा तुकडा तुझ्याकडे एकही नाही. मशीनवर या घडीला कोणी नसणार, कारण ज्यांना तू बसवलंस ते माझ्या शेजारी पायरीवर बसलेत. त्यांनी दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली. बेल वाजवून अंगठा दुखला, मशीनच्या आवाजात तुला ऐकू येत नाहीये. तू म्हणशील तर मी थोरल्यांच्या पाया पडून सगळं अडवतो, चारशे जण आणखी थांबतील, मला जे काय म्हणायचं ते म्हणतील. अडवायचं नसेल तर काँप्युटरच्या मागची निळी वायर उपट आणि काम होईपर्यंत परत लावू नकोस. दार नाही उघडलंस तरी चालेल. तीन वेळा बेल वाजवून मी हा कागद आत ढकलतोय, मिळाला की किती खिसे राहिलेत तेवढा नुसता आकडा ओरड. ते बोलण्यात धरणार नाही.